विश्लेषण : गच्चीवरच्या दुर्बिणीतून तारे हरवत का चालले आहेत?

पावसाळा संपला की राज्यात आकाशदर्शनाचा हंगाम सुरू होतो. दुर्बीण, कॅमेरा आणि मोबाइल अॅप यांच्या मदतीने आता घराच्या गच्चीवरूनही तेजोमेघ आणि दीर्घिकांची छायाचित्रे टिपता येतात. साधने सोपी होत असताना आकाश मात्र दरवर्षी अधिक उजळ होत आहे. त्याचा फटका केवळ छंदालाच बसतो असे नाही.

गच्चीवरून फोटो निघतो कसा?

पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने तारे ताशी १५ अंशांनी सरकताना दिसतात. त्यामुळे दुर्बीण मोटारीच्या साह्याने त्याच गतीने फिरवावी लागते. मंद वस्तूचा एकच दीर्घ फोटो न घेता काही सेकंद ते काही मिनिटांचे अनेक फोटो घेतले जातात आणि सॉफ्टवेअरद्वारे ते एकमेकांवर रचले जातात. १०० फोटो रचले तर चित्रातील ‘खरखर’ साधारण दहापटीने कमी होते. हीच सगळी कामे आपोआप करणाऱ्या छोट्या ‘स्मार्ट’ दुर्बिणी गेल्या काही वर्षांत बाजारात आल्या आहेत.

मग अडचण कोणती?

शहरातील दिव्यांचा वर जाणारा प्रकाश हवेतील रेणू, धूळ आणि बाष्पावर आदळून विखुरतो व आकाशच चमकू लागते. अंधूक दीर्घिका त्या उजेडात बुडून जाते. आकाश किती काळोखे आहे, हे मोजण्यासाठी अमेरिकेतील जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये एक ते नऊ अशी श्रेणी मांडली. एक म्हणजे निर्मळ काळोख, तर नऊ म्हणजे महानगराचा मध्यभाग. जगातील सुमारे एकतृतीयांश लोकांना घरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रकाश प्रदूषणाच्या जागतिक नकाशातून निघाला होता.

हे प्रमाण किती वेगाने वाढत आहे?

सामान्य नागरिकांनी नुसत्या डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक नोंदींचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २०११ ते २०२२ या काळात आकाशाची चमक वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात आढळले. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट! जिथे मुलाच्या जन्मावेळी २५० तारे दिसत होते, तिथे ते १८ वर्षांचे होईपर्यंत सुमारे १००च उरतील. यातील बहुतांश नोंदी युरोप व उत्तर अमेरिकेतील होत्या. उपग्रहांच्या मोजमापात मात्र ही वाढ बरीच कमी दिसते. कारण त्यांचे संवेदक निळा प्रकाश नीट टिपत नाहीत आणि आडवा पसरणारा उजेडही त्यांच्या नजरेतून बराचसा सुटतो.

एलईडी दिव्यांचा दोष काय?

एलईडीने विजेची बचत झाली, यात वाद नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून देशात एक कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसवले गेले. मात्र जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मुख्यतः पिवळ्या रंगात एकवटलेला असे. फिल्टर लावून तो बराचसा अडवता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो आणि त्यातील निळा भाग हवेत अधिक विखुरतो. केवळ हायड्रोजन किंवा ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारे फिल्टर तेजोमेघांसाठी उपयोगी पडतात, पण दीर्घिका आणि तारकागुच्छ सर्वच रंगांत प्रकाशतात. तिथे हा उपाय चालत नाही.

यात विज्ञानाचे नुकसान कसे?

मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणी मोजक्या असून त्यांचा वेळ आधीच वाटून दिलेला असतो. हौशी निरीक्षक मात्र हजारो ठिकाणांहून रोज आकाश पाहतात. सप्टेंबर २०१६ मध्ये अर्जेंटिनातील रोझारिओ शहरात व्हिक्टर बुसो हे घराच्या छतावरील दुर्बिणीला जोडलेल्या नव्या कॅमेऱ्याची चाचणी घेत होते. त्यांच्या फोटोंत एका ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला प्रकाश सापडला. त्यावरील संशोधन २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मे २०२३ मध्ये सप्तर्षी तारकासमूहातील एम-१०१ दीर्घिकेतील सुपरनोव्हा प्रथम हेरला तो जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांनी. शहरांवरचे आकाश उजळत गेले, तर असे पहारेकरी कमी होतील.

उपग्रहांच्या रांगांचे काय?

मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह सोडले गेले, आता त्यांची संख्या हजारांत आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी त्यांच्यावर ऊन पडते व फोटोत पांढऱ्या रेघा उमटतात. अनेक फोटो रचताना सॉफ्टवेअर या रेघा वगळू शकते. त्यामुळे सुंदर चित्र वाचते, पण नेमक्या त्या क्षणाची नोंद हवी असेल तर रेघेखालची माहिती गेलेलीच असते. उपग्रहांच्या चमकेवर बंधनकारक आंतरराष्ट्रीय मर्यादा नाही.

महाराष्ट्रात काय घडते आहे?

नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतील शंभरहून अधिक दिवे बदलून त्यांचा प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. लडाखमधील हानले परिसर त्याआधी, २०२२ मध्ये संरक्षित झाला होता. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून, तर मुंबईतील खगोल मंडळ १९८५ पासून आकाश निरीक्षणाची चळवळ चालवत आहेत. मात्र वांगणीसारखी मुंबईकरांची नेहमीची ठिकाणेही आता वाढत्या वस्तीच्या उजेडात आली आहेत.

उपाय अवघड आहे का?

हवा किंवा नदीच्या प्रदूषणाप्रमाणे हे प्रदूषण वर्षानुवर्षे साचून राहत नाही. दिवा झाकला की आकाश त्याच क्षणी काळोखे होते. वरून झाकलेले दिवे, पिवळसर प्रकाश, गरजेपुरती तीव्रता आणि मध्यरात्रीनंतर जाहिरात फलक बंद ठेवणे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. फ्रान्सने डिसेंबर २०१८ मध्ये बाहेरील रोषणाईसाठी देशव्यापी नियम केले. अमेरिकेतील फ्लॅगस्टाफ शहराने तर १९५८ पासूनच उजेडाला वेसण घातली. पथदिव्यांच्या निविदेत ‘किती वॅट’ यासोबत ‘प्रकाश कोणत्या दिशेने’ ही अट घालणे महापालिकांच्या हाती आहे. तसे न झाल्यास स्मार्ट दुर्बीण फोटो देत राहील, पण मान वर करून पाहणाऱ्याला तिथे काहीच दिसणार नाही.