गोदावरी समुद्राला मिळते, तिथेही जा



2027च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदाघाटांची चर्चा रोज होते आहे. पण त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली ही नदी 1,465 किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते, त्या टोकाकडे आपले लक्ष जात नाही. आंध्र प्रदेशात काकीनाड्याजवळ, गौतमी गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. 235 चौरस किलोमीटरचे हे जंगल 1978 साली अभयारण्य झाले. राजमहेंद्री, अंतर्वेदीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी तेही आवर्जून पाहावे.

तिथे फिशिंग कॅट आणि पाणमांजरे आहेत, पण ती दिसतीलच असे नाही. ओहोटीला चिखलावर सरपटणारे निवटे, खेकडे, खंड्या आणि तिवरांची जमिनीतून वर आलेली श्वासमुळे मात्र निवांत पाहता येतात. डोळे उघडे ठेवणाऱ्याला एवढे पुष्कळ आहे.

माझा आग्रह केवळ निसर्गसौंदर्यासाठी नाही. खारफुटी मीठ सोसते, तरी तिला नदीचे गोडे पाणी आणि गाळ लागतोच. हा गाळ जायकवाडीपासून खालपर्यंतच्या धरणांत अडतो आणि मुखाकडची जमीन समुद्र खात जातो. मराठवाड्याला जायकवाडीचे पाणी हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण पाणीवाटपाच्या आपल्या चर्चेत समुद्राकडे जाणारे पाणी 'वाया गेले' असे सर्रास म्हटले जाते. त्याच पाण्यावर मासे, कोळंबी आणि कोळ्यांची घरे जगतात, वादळाची धार कमी करणारे जंगल उभे राहते. कोरिंगा पाहिलेला माणूस 'वाया' म्हणताना दहादा विचार करील.

गर्दीने जंगल बिघडेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच जाणाऱ्यांनी लहान गटात जावे, चिखलात न उतरता लाकडी पायवाटेवरूनच चालावे, स्थानिक नावाडी व वाटाडे घ्यावेत. होडीत ध्वनिवर्धक नको, प्लास्टिक तर नकोच. हे नियम सहल कंपन्यांनी आधीच बजावावेत. न पाळणाऱ्याला नेऊ नये.

शासनाला एक विनंती आहे. सिंहस्थातील प्रदर्शनांत गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ठळकपणे दाखवावा आणि गोदाकाठच्या महाविद्यालयांच्या अभ्यासदौऱ्यांत कोरिंगाचा समावेश करावा. नदीला माता म्हणणाऱ्या समाजाने तिची काळजी उगमापासून मुखापर्यंत घेतली पाहिजे.

— एक वाचक, नाशिक