सत्यवान जागा असतो तेव्हा

शनिवारी रात्री 'एकच एपिसोड बघू' म्हणून बसलो आणि थेट रविवार उजाडला. मालिका तशी जुनीच, 'आउटलँडर'. डायना गॅबल्डनच्या १९९१ च्या कादंबरीवर बेतलेली, २०१४ साली सुरू झालेली. (पहिल्या सीझनचा शेवट खाली येणार आहे, नंतर तक्रार नको!)

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धात नर्स असलेली इंग्लिश बाई. १९४५ मध्ये नवऱ्याबरोबर स्कॉटलंडला फिरायला जाते, एका प्राचीन शिळेला हात लावते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे भेटतो जेमी फ्रेझर. उंचापुरा, तलवारबाज, डोक्यावर इनाम लागलेला. म्हणजे एकदम हिरो मटेरियल!

पण पहिल्या भेटीत हिरो काय करत असतो? निखळलेला खांदा धरून कण्हत असतो. ती तो जागेवर बसवते. पुढे ब्लॅक जॅक रँडल या इंग्रज कॅप्टनपासून तिला वाचवायचं तर ती कायद्याने स्कॉटिश व्हायला हवी, म्हणून दोघांचं लग्न लावतात. ती वयाने मोठी, संसार केलेली, अनुभवी. तो अगदी कोरा. आणि हे तो स्वतःच सांगून टाकतो, वर दोघांपैकी एकाला तरी माहिती असलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

इथे मी हसलो. मग वाटलं, का हसलो? नवरी अशी असती तर मला त्यात विनोद दिसला असता का? आपल्याकडे स्थळं बघताना मुलगा वयाने, शिक्षणाने, पगाराने एक पायरी वर लागतो. 'माहीत नाही' म्हणायची मुभा पुरुषाला कुठेच नाही. ऑफिसात नाही, बेडरूममध्ये तर नाहीच नाही. जेमी ती बिनदिक्कत घेतो आणि तरी लहान होत नाही.

एक मित्र म्हणाला, "काय बायल्या हिरो आहे रे! सगळं उलटंच." मला ते पटलं नाही. नुसती अदलाबदल म्हणजे दोन व्हेरिएबल्स स्वॅप करणं. व्हॅल्यूज बदलल्या, प्रोग्रॅम तोच. एक वर, एक खाली. बाई वर गेली म्हणून शिडी मोडत नाही.

मालिकेलाही हे ठाऊक आहे. नवव्या एपिसोडमध्ये हाच गोड जेमी क्लेअरला पट्ट्याने मारतो. का, तर तिने ऐकलं नाही आणि सगळ्यांचा जीव धोक्यात आला. त्याच्या समाजात नवऱ्याने हेच करायचं असतं. तेव्हा लग्नाच्या रात्रीचा समंजसपणा एकटा पुरत नाही, चालीरीतींचं ओझं खोलीबाहेर उभंच असतं. नंतर तो गुडघ्यावर बसून, सरदाराशी इमान राखायची शपथ घेतात तशी, खंजिरावर शपथ घेतो की पुन्हा हात उचलणार नाही. ती तेवढ्यावर विसंबत नाही. त्याच खंजिराचं पातं त्याच्या गळ्याला लावून बजावते. मग पातं खाली ठेवते. मला हे खाली ठेवणं महत्त्वाचं वाटतं. झालेला मार त्याने पुसला जात नाही, पण दोघांपैकी कुणालाच आता वर राहायचं नसतं.

आणि मग सीझनचा शेवट. रँडल वेंटवर्थच्या तुरुंगात जेमीवर बलात्कार करतो. मला बघवेना, मी रिमोट शोधू लागलो. तेव्हाच लक्षात आलं, पडद्यावर बायकांवर असे प्रसंग मी आजवर कितीतरी पाहिलेत. 'कथानकाची गरज' म्हणून चहाचा घोट घेत पाहिलेत. रिमोट कधीच शोधला नव्हता. या मालिकेने मला दिलेला खरा धक्का हा. भूमिका उलटल्यावर मला जेमी नाही, मीच दिसलो.

कुणी म्हणेल, नवऱ्याला मरणाच्या दारातून आणणारी बायको आपल्याला नवी नाही, सावित्री आहेच की! खरं आहे. पण सत्यवान त्या सगळ्या वेळात निपचित असतो. झोपेतून उठावं तसा उठतो. बायकोने वाचवलं हे सोसायची वेळ त्याच्यावर येत नाही. जेमी मात्र जागा असतो. त्याला मरायचं असतं, स्वतःची शिसारी आलेली असते आणि क्लेअर त्याला झालेलं सगळं बोलायला लावते. आधी त्याने तिला किल्ल्यातून सोडवलेलं असतं, आता ती त्याला. हिशेब कुणीच मांडत नाही.

बायकोने सोडवायला येणं सोपं. जागेपणी तिला येऊ देणं, आणि त्यानंतरही स्वतःला पुरुष म्हणवून घेणं, हे अवघड. मला जमेल का? प्रामाणिकपणे, माहीत नाही. बघा, निदान एवढं म्हणायला तरी शिकलो.

असो. उद्या सोमवार, नऊची मीटिंग आहे.