आधी चौकट, मग कुलूप

हैदराबादच्या पुरानी हवेलीतील निजाम संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये हिरेजडित सोन्याचा डबा, तसेच सोन्याची कपबशी व चमचा चोरीस गेला. चोर झरोक्याची जाळी काढून दोरीने आत उतरले होते; दाराच्या कुलपाला त्यांनी हातही लावला नाही. ऐवज पुढे परत मिळाला, हे सुदैव. परंतु केवळ कुलपावर विसंबणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने यातून बोध घ्यावयास हवा.

चतुर्थीला सदनिका बंद करून मूळ घरी जाणारे गोमंतकीय काय, किंवा दिवाळीला गावी निघणारी काचीगुड्यातील मराठी कुटुंबे काय, भारी कुलूप घेतात आणि ते चार आखूड स्क्रूंवर तोललेल्या कोयंड्यात अडकवितात. पहारीच्या एका हिसक्यासरशी कोयंडा निखळतो. कुलूप शाबूतच राहते!

म्हणून आमचे सांगणे असे, की प्रथम चौकट पाहावी. ती भिंतीत घट्ट आहे ना, वाळवीने पोखरलेली नाही ना, याची सुताराकडून खात्री करून घ्यावी. कोयंडा आरपार बोल्टांनी आवळून नट आतल्या बाजूस ठेवावेत. दारात खाच पाडून बसवायचे कुलूप जाड, भरीव लाकडासच योग्य. पातळ दार त्या खाचेनेच दुबळे होते. कुलपाची जीभ ज्या पट्टीत शिरते, ती लांब स्क्रूंनी चौकटीत पक्की करावी. आतून मात्र दार किल्लीवाचून उघडता यावे. चोराची वाट अडविताना, आगीच्या प्रसंगी घरच्यांचीच वाट अडता कामा नये.