शिकाऱ्याचा कान आणि बंदुकीचा बार

शिकाऱ्यांच्या बैठकीत आणि चांदमारीच्या मैदानावर एक मत इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याला प्रमाण विचारण्याचे कोणास सुचत नाही. बंदूक हाती धरणाऱ्याने कान झाकणे हे नवशिकेपणाचे लक्षण होय. बाराचा आवाज क्षणमात्र असतो, घटकाभर कान बधिर होऊन पुन्हा मोकळा होतो. आणि रानात तर कान उघडा ठेवण्यावाचून गत्यंतरच नाही, असा हा पूर्वपक्ष आहे. तो मांडणारे बहुधा अनुभवी असतात व त्यांच्या नेमाविषयी मला आदर आहे. परंतु या मताच्या पायी अनेकांच्या उतारवयातील संभाषणसुख कायमचे हिरावले गेले असल्यामुळे त्याचे खंडन करणे मी कर्तव्य समजतो.

प्रथम क्षणमात्रतेचा युक्तिवाद घेऊ. साध्या .२२ रायफलीचा बार नेम धरणाऱ्याच्या कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो, आणि छऱ्यांची बंदूक किंवा मोठ्या काडतुसाची रायफल त्याच्याही बरीच वर जाते. ही मोजणी साध्या बेरजेची नव्हे, कारण वीस डेसिबल वाढले की हवेचा दाब दहापट होतो. निसर्गाने मध्यकर्णात एक चिमुकला स्नायू ठेवला आहे, जो मोठा आवाज होताच आकुंचन पावून आतील हाडांची साखळी ताठ करतो. पण त्याला जागे होण्यास सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि बाराचा आघात त्यापूर्वीच, सहस्रांशांच्या हिशेबात, अंतःकर्णात पोहोचून आपले काम उरकतो. ज्या क्षणिकतेचा आधार घेतला जातो, तीच शरीराला स्वसंरक्षणाची सवड देत नाही.

‘कान पुन्हा मोकळा होतो’ हे विधान याहून घातक आहे. अंतःकर्णातील केशपेशी जन्मतः सुमारे पंधरा हजार असतात व मेलेली पेशी मनुष्याच्या कानात पुन्हा उगवत नाही. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले, की मोठ्या आवाजानंतर श्रवणाची पातळी पूर्ववत झाल्यावरही श्रवणतंतूंच्या जोडण्या कायमच्या तुटलेल्या राहतात. हानी प्रथम तीन ते सहा हजार हर्ट्झच्या उंच स्वरांत होते, म्हणून स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात, नातवंडांचे बोलणे कळेनासे होते, आणि मनुष्य स्वतःच्या कानाला दोष न देता घरचेच पुटपुटतात अशी तक्रार करू लागतो. पुष्कळांच्या कानांत मग अहोरात्र एक बारीक नाद वाजत राहतो, ज्याला आजही खात्रीचा उतारा नाही.

हे ज्ञान नवे नाही. इंग्रज कर्णवैद्य जोसेफ टॉयन्बी याने १८६० सालीच उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्या शिकाऱ्यांचा डावा कान अधिक बिघडतो हे नोंदविले होते. नळीच्या तोंडाकडे तोच कान असतो आणि उजव्याला मस्तकाचीच आड मिळते. जिम कॉर्बेटचे उदाहरण तर प्रत्येक शिकारप्रेमी वाचकाला ठाऊक असावे. १९२९ साली दुसऱ्या कोणी अगदी कानाजवळ झाडलेल्या जड रायफलीने त्याच्या कानाला इजा झाली, आत गळू झाले, आणि तल्ला देशच्या नरभक्षक वाघिणीमागे तो डोके सुजलेल्या, एक डोळा मिटलेल्या अवस्थेत फिरला. त्याच्या धैर्याची थोरवी सर्वजण सांगतात. पण बार त्याचा नव्हता आणि कान त्याचा गेला, इकडे कोणी लक्ष देत नाही. माचाणावर शेजारी बसलेल्याचा, हाक्यातील माणसाचा कान मालकाच्या मर्दुमकीत हिशेबात धरला जात नाही, याची मला खरोखर चीड येते.

आता रानाची चाहूल. पूर्वपक्षातील हा एकच मुद्दा विचारार्ह आहे, कारण पाचोळ्यावर पडलेले पाऊल ऐकू येणे हे शिकाऱ्याचे अर्धे कौशल्य होय. परंतु त्यावर उपाय कधीच निघाला आहे: इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक मंद आवाज मोठा करून ऐकवितात व बार होताच तो अडवितात. नॉर्वे-फिनलंडमध्ये शिकारीच्या रायफलीला आवाज दाबणारी नळी बसविणे नित्याचे आहे. तरीही बार पूर्ण निरुपद्रवी होत नाही, म्हणून कान झाकावाच लागतो. कापसाचा बोळा मात्र जवळजवळ निरुपयोगी समजावा. राहिली मर्दुमकी. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एक हात खिशात घालून साधेपणाने नेम धरणाऱ्या तुर्की नेमबाज युसुफ दिकेचचे जगभर कौतुक झाले. त्याच्याही कानांत बोळे होतेच, आणि त्याच्या हाती तर केवळ हवेचे पिस्तूल होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडील शिकारीचा अंमल संपविला, तरी बंदूक संपलेली नाही. कोकणात रानडुकरे आणि माकडे यांपासून पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक अजून घरोघर आढळते, आणि ती सुटताना घरातील पोरे कौतुकाने शेजारी उभी असतात. पोलिसांची व छात्रसेनेची चांदमारी आहेच. परवाना देताना बंदूक नि काडतुसांची नोंद दप्तरात काटेकोर होते; त्याच वेळी कर्णरक्षकाची एक जोडी परवानेदाराच्या व दुसरी त्याच्या सोबत्याच्या हाती पडावी, आणि छात्रसेनेच्या मैदानावर कान उघडे असलेल्या मुलाला पहिले काडतूस मिळू नये, असा हुकूम सरकारने काढावा.