जोडीतला एकच जनरेटर राबतो तेव्हा



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर संध्याकाळचे दूध नुकतेच टाकीत पडले होते, आणि लाईट गेली. तेथे ६२.५ केव्हीएचे दोन जनरेटर जोडीने चालतात. दोन्ही सुरू केले. कॉम्प्रेसरने जोर घेतला, तसा आधी एक बंद पडला, मागोमाग दुसरा. रात्रभर हेच चालले. पहाटे दूध नासले. त्यात दोन म्हशींवर प्रपंच चालवणाऱ्या बायाबापड्यांचेही दूध होते.

सकाळी मी चारा पिकांच्या बैठकीसाठी तेथे पोचलो. मी काही विजेचा माणूस नव्हे. पण मिस्त्रीच्या शेजारी बसून जे समजून घेतले, ते तुमच्याही उपयोगी पडेल. शीतगृह असो, द्राक्षांचे प्रीकूलिंग असो, असे जोड जनरेटर आता पुष्कळ ठिकाणी आहेत.

६२.५ केव्हीएचा जनरेटर साधारण ५० किलोवॉट भार ओढतो. त्या रात्री एकूण भार होता ६० किलोवॉट. म्हणजे प्रत्येकी ३० यायला हवा. प्रत्यक्षात एकावर ४० आणि दुसऱ्यावर २० होता. आणखी १५ किलोवॉटचा कॉम्प्रेसर लागला, की राबणारा ५५ वर जाऊन बंद पडे. मग सगळा ७५ किलोवॉट एकट्या दुसऱ्यावर! तो कसा टिकणार? जुवाला एक बैल अंगचोर निघाला, की दुसरा बसतो आणि गाडीही अडते, तसेच हे.

आता कारण कसे शोधायचे ते पाहा. भार स्थिर असताना दोन्हींचे किलोवॉट आणि अँपिअर वहीत लिहा. मीटर खरे दाखवतात ना, याची वायरमनकडून खात्री करून घ्या.

किलोवॉट कमी-जास्त असतील, तर दोष डिझेलच्या बाजूला. इंजिनात किती डिझेल सोडायचे हे गव्हर्नर ठरवतो. भार वाढला की इंजिनाचे फेरे थोडे उतरावेत, अशी त्याची ठेवण असते. उदाहरणार्थ, रिकामे असताना १५६० आणि पूर्ण भारावर १५००. दोघांचा उतार सारखा असेल, तरच भार सारखा वाटला जातो. रिकाम्या फेऱ्यांत नुसता १५ चा फरक राहिला, तरी दोघांच्या भारात साडेबारा किलोवॉटचे अंतर पडते.

किलोवॉट सारखे, पण अँपिअर वेगळे असतील, तर दोष व्होल्टेजच्या बाजूला. तेथे एव्हीआरची जुळणी आणि त्याच्या सीटीची जोडणी उलटी तर नाही ना, हे पाहावे लागते.

केंद्रावरच्या पोराची चूक येथेच झाली. चुकार जनरेटरवर भार यावा म्हणून तो रात्रभर व्होल्टेजची चावी फिरवत बसला. त्याने किलोवॉट सरकत नाहीत. फुकट अँपिअर वाढतात आणि वेटोळी तापतात.

मिस्त्रीने सकाळी त्या जनरेटरचा गव्हर्नर थोडा वाढवून पाहिला. भार २० वरून हलेना. म्हणजे गव्हर्नर मागतो आहे, पण डिझेल पोचत नाही! फिल्टर उघडला तर आत गाळ आणि पाणी. डिझेल उघड्यावरच्या ड्रममधून, अगदी तळापासून उपसलेले होते. फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली, आणि दोन्ही मीटर जवळपास ३० वर आले. नव्या पॅनलमध्ये भार वाटण्याचे काम कंट्रोलर करतो हे खरे. पण डिझेलच पोचले नाही तर तो तरी काय करील?

म्हणून ड्रम झाकलेल्या जागी ठेवा. डिझेल निवळू द्या आणि तळाचे चार बोटे सोडून वरचे घ्या. फिल्टर ठरल्या तासांना बदला. एक जनरेटर काळा धूर ओकत असेल आणि दुसरा गप्प वाटत असेल, तर त्याच दिवशी मीटर पाहा. पॅनलच्या आत मात्र परवानाधारक वायरमनशिवाय कोणी हात घालू नये.

घरी दोन लहान जनरेटर असतील, तर त्यांच्या तारा एकत्र कधीही जोडू नका. दोघांची लय जुळवण्याची सोय नसेल, तर जोडताक्षणी यंत्र मोडते, माणसालाही इजा होते. मोटार एकावर, घर दुसऱ्यावर, असा भार वेगळा करा. मध्ये चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर तुमची वीज उलटी लाईनवर जाऊन खांबावरचा वायरमन प्राणाला मुकेल.

आणि संस्थेचे सभासद असाल, तर येत्या सभेत एवढे विचारा: दोन्ही जनरेटरचे आकडे रोज वहीत लिहिले जातात का? दूध तुमचे आहे, विचारायला संकोच कसला?