विश्लेषण : विषारी दारूचा घात दुसऱ्या दिवशी का कळतो?

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. त्या दारूत मिथेनॉल होते. हे कारखान्यांत वापरले जाणारे द्रावक दिसायला नेहमीच्या दारूतील इथेनॉलसारखेच असते. पिणाऱ्याला फरक कळणे कठीण.

खरा घात पोटात गेल्यावर होतो. यकृतात मिथेनॉलचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल बनते. हे आम्ल रक्तात साचून डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालते. याला साधारण १२ ते २४ तास लागतात. सोबत इथेनॉलही प्यायले असेल तर आणखी उशीर. तोवर फक्त डोके दुखते, मळमळते. ‘अजून उतरली नाही’ म्हणत घरचे लिंबूपाणी देतात, आणि उपचाराचे मोलाचे तास तिथेच जातात. धूसर दिसू लागले, धाप लागली तर डायलिसिसची सोय असलेले रुग्णालय गाठावे. फोमेपिझोल हे औषध आम्ल बनणे रोखते. ते नसेल तर डॉक्टर देखरेखीखाली इथेनॉलच देतात. घरी मात्र हा प्रयोग नको. पोलिसांच्या भीतीने दारूची गोष्ट डॉक्टरांपासून लपवणे तर सर्वांत महागात पडते. त्याच गुत्त्यावर बसलेल्या इतरांनाही, त्रास नसला तरी, लगेच तपासून घ्यावे.