सौभाग्यवतींची वही

निवृत्तीच्या पैशांतून गाडी घ्यायची ठरली. चिरंजीवांचा हट्ट हायब्रिडचा. सौभाग्यवतींनी हिशेबाची वही काढली.

ग्रँड विटारा हायब्रिड २०२२ साली बाजारात आली ती १७.९९ लाखांपासून, नवी स्विफ्ट २०२४ साली ६.४९ लाखांपासून. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे पहिली लिटरला २७.९७ किलोमीटर धावते, साध्या गिअरची स्विफ्ट २४.८०. म्हणजे वर्षाला १०,००० किलोमीटर हिंडलो तरी बचत अवघी ४६ लिटर पेट्रोलची!

शहरातल्या गर्दीत हायब्रिडचे इंजिन वरचेवर थांबते, ब्रेक लावताच बॅटरीत वीज परतते. तिथे बचत वाढते, हे मान्य. गाडीही ऐसपैस. पण साडेअकरा लाख वसूल होईपर्यंत आम्ही असणार का?

"डिकी तरी मोठी मिळेल," चिरंजीव पुटपुटले.

"तिच्याखाली बॅटरी ठाण मांडून बसली आहे," सौभाग्यवती वही मिटत म्हणाल्या.